आत आणखी एक बोट

स्वीनोय बेटावरून सुन्नेवाबाईंचा फोन :
"अगं, जिथे उरलेल्या जागांचा आकडा असतो ना,
तिथे तुमची अख्खी साइटच येऊन बसलीय.
बोटीच्या चित्राखाली बोट,
तिच्या पोटात आणखी एक.
मी शुक्रवारी दाताच्या डॉक्टरकडे यायचं की नाही?"

टोर्सहावन. बंदराची कचेरी, दुसरा मजला.
हीटरशेजारी मी, आणि खिडकीबाहेर इतकं धुकं
की समोरचा धक्का आहे, असं धरून चालायचं.

नोंदी उघडल्या.
विनंती आली, उत्तर गेलं, दोनशे.
विनंती आली, उत्तर गेलं, दोनशे.
सगळं आलबेल.
हेच तर दुखणं, चूक कुठे कबूलच करत नाही.

खाली, खूप खाली, सापडली हानुसची ओळ.
चौदा वर्षांपूर्वीची. (आता ते निवृत्त.
मेंढ्या आहेत, आणि एक दुखरा गुडघा.)
येणाऱ्याच्या हाती चिठ्ठी असेल तर
घरचा समज, नुसता आकडा दे.
नसेल तर पाहुणा, अख्खं पान वाढ.

चिठ्ठी कोण देत होतं?
जुनी लायब्ररी, गुपचूप,
प्रत्येक विनंतीच्या खिशात सरकवायची.
मंगळवारी ब्रान्दुरने ती काढून टाकली.
जड होती, म्हणाला,
आणि ब्राउझरला आता स्वतःचे पाय आहेत.
पाय आहेत, खरंय.
खिसा रिकामा.

मग मी हाताने चिठ्ठी लिहून दिली.
माझ्या यंत्रावर चाललं. ब्रान्दुरने टाळी वाजवली.
बंदरावर नाही.
वाटेत प्रॉक्सी बसलेला,
अनोळखी कागद दिसला की काढून घेतो,
त्याला कुणीतरी कधीतरी तसंच सांगितलेलं.
त्याची समजूत काढण्यात दुपार गेली.
कॉफी गेली. उजेडही गेला,
इथे तो तसाही लवकरच जातो.

चाललं एकदाचं म्हणेपर्यंत
ब्रान्दुर ओरडला : "रान्वा, हे बघ."
दुसऱ्या पानावर जाऊन तो मागे फिरला होता
आणि पडद्यावर काहीच नव्हतं,
ना बोट, ना वेळापत्रक, ना बंदराचं चिन्ह.
पांढऱ्याशुभ्र कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात फक्त
७

एका पत्त्यावर दोन उत्तरं राहत होती.
ब्राउझरने शेवटचं लक्षात ठेवलं.
त्याला काय माहीत कुठलं कुणासाठी.

हानुसना फोन लावला. मागे मेंढ्या.
बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.
मग म्हणाले, "त्याला दिसत नाही गं.
माणसाने पान उघडलं की पानातल्या स्क्रिप्टने हात पुढे केला,
सर्व्हरच्या लेखी दारावरची थाप सारखीच.
येणारा सांगेल ते खरं.
मला ठाऊक होतं तेव्हाही.
पण दुसऱ्या दिवशी बोट सुटायची होती."

फोन ठेवला. बसून राहिले.
मग तू कोण, हा प्रश्नच काढून टाकला.
आकड्याला वेगळा पत्ता दिला, छोटासा,
घराच्या कुशीला एक खिडकी :
इथे जो येईल त्याला आकडाच मिळेल,
चिठ्ठी असो, नसो, चोर असो, पाव्हणा असो.
प्रॉक्सीला काढायला काही उरलं नाही.
ब्रान्दुर पुढे गेला, मागे आला,
पुन्हा पुढे, पुन्हा मागे, लहान मुलासारखा.
पान जागच्या जागी.

हानुसची ओळ मात्र पुसवली नाही.
तिच्यापुढे दोन तिरक्या रेघा मारल्या.
आता ती नुसतीच वाचायची.

रात्री नऊला सुन्नेवाबाईंना कळवलं :
शुक्रवार, सात जागा, एक तुमच्या नावावर ठेवू?

"दिसतायत की मला," त्या म्हणाल्या.
"पण धुकं निवळलं तर.
ते विचारतं तरी का, कोण आलंय म्हणून?"
आणि दात दुखत असूनही
हसल्या बहुतेक.